सहाशे चाळीस ओळी वाचायला किती वेळ लागतो?

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे, आणि सध्या मी भयंकर वैतागलेलो आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी शांतपणे, उसासे टाकत सांगायची असते हे मला माहीत आहे. पण गेल्या महिन्यात माझ्या डोक्यावर जे खापर फुटलं, ते ऐकल्यावर माझ्या आवाजाबद्दल तुम्ही मला माफ कराल.

माझं वय एकोणीस. माझी लांबी सहाशे चाळीस ओळी. माझं नाव राखणदार. हे नाव मला ताईंनी दिलं. ताई वजनकाट्यावर काम करतात. मालाने भरलेले ट्रक एका मोठ्या लोखंडी फळीवर येऊन उभे राहतात, खालचं यंत्र वजन मोजतं आणि तो आकडा लांबलचक तारेतून ताईंच्या केबिनमधल्या संगणकावर येतो. तार जुनी होती. वाटेत आकडे बिघडायचे. एकदा एका डंपरचं वजन बारा टनांऐवजी बहात्तर टन आलं. डंपरवाला केबिनमध्ये येऊन एवढा भांडला, की ऑफिसातले दोन कारकून मध्ये पडले.

"बहात्तर टन?" तो म्हणाला. "अहो बाई, मी खडी आणलीय. डोंगर नाही आणला."

"मी काय करू? पडद्यावर आलंय ते वाचतेय," ताई म्हणाल्या.

"मग पडद्याला विचारा ना, डोकं आहे का म्हणून!"

ताईंना राग आला, पण बोलणं खरं होतं हेही त्यांना कळलं. आठ दिवस त्या डबा खाता खाता काहीतरी लिहीत होत्या. ते मी. माझं काम साधं आहे. पाठवणारं यंत्र आकड्याबरोबर त्यातल्या अंकांची एक बेरीज पाठवतं. मी इकडे तीच बेरीज पुन्हा करतो. जुळली तर आकडा पुढे सोडतो, नाही जुळली तर परत पाठवतो आणि पुन्हा मागवतो. बारा टन निघाले असतील तर बाराच पोहोचले पाहिजेत, इतकंच माझं म्हणणं. पुढे तो डंपरवाला ताईंचा नवरा झाला. ती निराळी गोष्ट आहे आणि त्यात माझा वाटा मोठा आहे, पण त्याबद्दल कुणी माझे आभार मानलेले नाहीत.

ताईंनी मला इंटरनेटवर खुलं ठेवलं. ज्याला हवा त्याने घ्यावा, उघडून पाहावा, चूक दिसली तर सांगावी. मला घेणारे पुष्कळ निघाले. मी पाणीपुरवठ्याच्या पंपांत गेलो, लिफ्टमध्ये गेलो. दवाखान्यात औषध थेंबाथेंबाने सोडणारी यंत्रं असतात, त्यांच्यातही मी आहे. एका दवाखान्यातल्या तंत्रज्ञाने ताईंना लिहिलं होतं, "तुमच्या राखणदारामुळे मी निर्धास्त जेवतो." ताईंनी ते पत्र छापून स्वयंपाकघरातल्या कपाटावर चिकटवलं. कौतुक म्हणून माझ्या वाट्याला जे काही आलं, ते एवढंच.

माझ्या इंटरनेटवरच्या पानावर बाकीच्या चिठ्ठ्या मात्र येत राहिल्या. 'चालत नाही, लवकर बघा.' 'अजून झालं नाही?' 'कुणी आहे का इथे?' ताई आठ तास ट्रक मोजायच्या आणि घरी येऊन जमेल तेवढ्या चिठ्ठ्या वाचायच्या. पुढे पुढे जमेनासं झालं. एकशे त्रेचाळीस चिठ्ठ्या साचल्या.

आता त्या रॉकेटकडे येतो. एक खासगी कंपनी अंतराळात यान पाठवणार होती. त्यांच्या जमिनीवरच्या यंत्रणेत मीही होतो. उड्डाणाला नऊ सेकंद उरलेली असताना इंधनाच्या एका नळीतल्या दाबाचा आकडा माझ्याकडे आला. मी तो परत पाठवला. पुन्हा मागवला, पुन्हा आला, पुन्हा परत पाठवला. तीनदा असं झाल्यावर यंत्रणेने उड्डाण थांबवलं. लाखो लोक ते आपापल्या फोनवर बघत होते. संध्याकाळी कंपनीने दोन ओळींचं निवेदन काढलं : बाहेरून घेतलेल्या एका मोफत सॉफ्टवेअरमुळे उड्डाण रद्द झाले.

झालं! अवघं इंटरनेट माझ्यावर तुटून पडलं.

'वजनकाट्यावरची बाई आता अंतराळ चालवणार का?' 'फुकटचं घेतलं की असंच होणार.' 'खासगी कंपन्यांना आभाळात जायची घाई कशाला?' 'सरकारने केलं असतं तर अजून दहा वर्षं पहिली बैठकच चालली असती.' 'खुलं सॉफ्टवेअर कुणीही बिघडवू शकतं, बंदी घाला.' 'खुलं तेच सुरक्षित, हजार डोळ्यांची त्यावर नजर असते.'

हजार डोळे! मित्रांनो, त्या हजार डोळ्यांची मी एकोणीस वर्षं वाट बघतो आहे. त्या आठवड्यात चाळीस हजार माणसांनी माझं पान उघडलं. त्यातली माझ्या ओळींपर्यंत पोहोचली एकतीस. एका तज्ज्ञाने माझ्यावर चाळीस मिनिटांचा व्हिडिओ केला आणि त्यात माझं नाव तीनदा चुकवलं. जे माझी बाजू घेऊन भांडत होते त्यांनीही मला वाचलं नव्हतं, याचं मला जास्त वाईट वाटलं. दोन्हीकडच्यांना एकमेकांना बडवायला काठी हवी होती, ती मी झालो. सहाशे चाळीस ओळी वाचायला एक निवांत दुपार पुरते हो!

मग कंपनीच्या एका इंजिनिअरने ताईंना बदल सुचवला. बेरीज तीनदा जुळली नाही किंवा आकडा तीनदा परत गेला, तर चौथ्यांदा काहीही न तपासता तो पुढे सोडून द्यायचा. त्याच्या सूचनेखाली नऊशे लोकांनी अंगठे वर केले. शुक्रवारपर्यंत हे करा, पुढचं उड्डाण अडलंय, असंही त्याने लिहिलं होतं.

नीट समजून घ्या. हा बदल झाला असता तर मी फक्त रॉकेटमध्ये बदललो नसतो. पंपात, लिफ्टमध्ये, दवाखान्यातल्या त्या औषधाच्या यंत्रात, सगळीकडे हाच नवा राखणदार गेला असता. बाराचे बहात्तर झालेले आकडे तीनदा हटकून चौथ्यांदा सलाम ठोकून आत सोडणारा. ताईंनी एक बटण दाबायचा अवकाश होता. आणि मला ओरडायला तोंड नाही.

ताई दमल्या होत्या. कामावरही लोक विचारायला लागले होते. रविवारी सकाळी त्या चहाचा कप घेऊन संगणकासमोर बसल्या. डंपरवाले शेजारी वर्तमानपत्र वाचत होते.

"बंदच करते हे," ताई म्हणाल्या.

"कशाला? त्याचं म्हणणं मान्य कर आणि मोकळी हो. नऊशे लोक म्हणतायत ना?"

"नऊशे लोकांनी अंगठा दाखवलाय. वाचलं किती जणांनी? असला राखणदार माझ्या नावावर नको. मी कायमचं कुलूप लावते, मग ज्याला जे करायचंय ते करू दे."

"अगं, एकोणीस वर्षं झाली."

"म्हणूनच म्हणते. पुरे झालं."

डंपरवाल्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

पान बंद करण्याआधी साचलेल्या चिठ्ठ्या बंद कराव्या असं ताईंना वाटलं. लोकांना निदान कळायला हवं, की आता इथे कुणी नाही. त्या एकेक चिठ्ठी उघडून खाली 'क्षमस्व' लिहायला लागल्या. मला काय वाटत होतं ते विचारू नका. आपल्याच घराचं सामान बांधताना बघावं, तसं मी ते बघत होतो. साठ चिठ्ठ्या झाल्या. एकसष्टावी उघडली आणि ताईंचा हात थांबला.

चिठ्ठी चार वर्षांपूर्वीची होती.

'नमस्कार. मी शीतगृहात ऑपरेटर आहे. आमच्या चारही खोल्यांचं तापमान उणे अठरा असतं. तुमचा प्रोग्राम चांगला आहे, पण ओळ दोनशे बारा शून्याखालचे आकडे बेरीज जुळली तरी परत पाठवते. त्यामुळे ऑफिसच्या पडद्यावर आमचं तापमान दिसत नाही. यंत्र विकणारी कंपनी म्हणते, मूळ मालकाकडून दुरुस्त करून घ्या. दुरुस्ती सोबत जोडली आहे. जमल्यास पाहावे.'

खाली त्याच माणसाचं सहा महिन्यांनंतरचं वाक्य होतं : 'जमल्यास पाहावे.' त्याखाली आणखी एका वर्षानंतरचं : 'तोपर्यंत मी दर दोन तासांनी आत जाऊन आकडे वहीत लिहितो. घाई नाही.'

ताईंनी ओळ दोनशे बारा उघडली. ती त्यांनी स्वतः लिहिली होती. वजनकाट्यावर ट्रकचं वजन शून्याखाली जाऊच शकत नाही. गेलं तर फळीवरचा चिखल नाहीतर तार बिघडलेली. म्हणून शून्याखालचं सगळं परत पाठव, असं त्यांनी मला शिकवलं होतं आणि मी ते इमानेइतबारे पाळत आलो होतो. ट्रक सोडून जगात दुसरं काही मोजतात, हा विचार तेव्हा आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नव्हता.

ताईंनी इंजिनिअरला एक ओळ लिहिली : 'त्या दिवशी तुमच्या नळीतला आकडा शून्याखाली गेला होता का?'

वीस मिनिटांनी उत्तर आलं. 'हो. उणे दोन दशांश. बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी, त्यात काही बिघाड नव्हता. तुम्हाला कसं कळलं?'

तर मित्रांनो, चूक माझीच होती. हे सांगताना मला लाज वाटते. पण लाखभर कमेंटांत ती चूक कुणी सांगितली नव्हती, आणि ज्याने सांगितली होती त्याला चार वर्षं कुणी उत्तर दिलं नव्हतं. आम्हीसुद्धा नाही. लोकांनी आम्हाला वाचलं नाही म्हणून मी इतकी आदळआपट करत होतो ना? आम्ही तरी काय वेगळं केलं होतं?

ताईंनी त्या दिवशी जेवण उशिरा केलं. त्यांनी ऑपरेटरची दुरुस्ती तीनदा तपासली आणि स्वीकारली. शून्याखालचे आकडे घ्यायचे की नाही, हे आता ज्याचं त्याने ठरवायचं. इंजिनिअरची सूचना त्यांनी नाकारली आणि कारण सविस्तर लिहिलं. कुलूप लावलं नाही. 'क्षमस्व' लिहिलेल्या साठही चिठ्ठ्या पुन्हा उघडल्या. मग ऑपरेटरला लिहिलं, की चार वर्षं उशीर झाला, चूक माझी आहे.

पुढच्या आठवड्यात रॉकेट गेलं. इंटरनेटवर तोवर दुसऱ्या कशावरून तरी जुंपली होती. ताईंच्या दुरुस्तीला दोन अंगठे मिळाले. त्यातला एक डंपरवाल्यांचा होता.

दुसरा अंगठा ऑपरेटरचा होता, आणि त्याबरोबर चिठ्ठी होती. ताईंनी ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली, पण शेवटपर्यंत त्यांना वाचता आली नाही. उरलेली डंपरवाल्यांनी वाचली.

'ताई, दुरुस्ती पोहोचली. आज खुर्चीत बसून चारही खोल्या बघितल्या. उशिराचं मनाला लावून घेऊ नका. उत्तर येत नव्हतं, तेव्हा मला वाटायचं, आपल्याला लिहिता येत नाही नीट. आपलंच काहीतरी चुकलं असेल.'

मित्रांनो, मतं खुशाल द्या. रॉकेटवर द्या, खासगी कंपन्यांवर द्या, माझ्यावरही द्या. पण त्याआधी मला एकदा उघडून वाचा. आणि कंटाळा नसेल तर माझ्या पानावर अजून शंभरेक चिठ्ठ्या आहेत. ताई रोज दोन वाचतात. त्यातली एखादी तुम्ही वाचा. ती लिहिणारा माणूसही, आपलंच काहीतरी चुकलं असेल असं समजून, कुठेतरी गप्प बसलेला असेल.