गुरुवारची फळी

मी एक जुनी, मधोमध कापलेली फळी आहे. मित्रांनो, मला लाकडाची समजू नका. मार्केट यार्डात केळी उतरली की घडांचे दांडे उकिरड्यावर जातात. त्यांतले धागे आणि जवसाच्या तेलापासून केलेली राळ तापलेल्या प्रेसमध्ये दाबून श्यामलाताईंनी मला घडवलं. गुलटेकडीच्या त्यांच्या शेडमध्ये तेव्हा दोनच माणसं होती, त्या आणि वाशिमहून आलेले प्रेसवाले उत्तरेश्वर.

पुण्यात गुरुवारी वीज जाते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. उत्तरेश्वर मात्र वार विसरले. मी प्रेसमध्ये असतानाच वीज गेली आणि माझं पोट कच्चं राहिलं. वरून मात्र मी अशी चकचकीत निघाले, की त्यांनी मला गुपचूप चांगल्या फळ्यांत सरकवलं.

शुक्रवारी हिंजवडीच्या एका आयटी कंपनीचे श्यामसुंदर साने आले. त्यांना चारशे टेबलं हवी होती. हे काम हुकलं तर शेड बंद करायची, असं ताईंनी ठरवलं होतं. त्यांनी सगळ्यांत देखणी म्हणून नेमकं मलाच उचललं आणि दोन स्टुलांवर आडवं ठेवलं.

"किती वजन पेलते ते आकडे राहू द्या, मॅडम," साने बूट काढत म्हणाले. "मीच उभा राहतो. नव्वद किलो आहे. घरच्या खुर्च्या रोज ही परीक्षा देतात."

माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. ओरडावंसं वाटत होतं, पण फळीला तोंड कुठलं? उत्तरेश्वर घामाघूम होऊन उभे होते. सान्यांनी एक पाय ठेवला. माझ्या पोटात बारीकसं करकरलं. त्यांनी दुसरा पाय उचलला.

"साहेब, उतरा जी!" उत्तरेश्वर ओरडले. "कच्ची हाय ते. काल लाइन गेल्ती, म्या सांगतलंच नाही."

सान्यांनी शांतपणे बूट चढवले. "मोडण्याआधी कळवलंत, आभारी आहे," एवढं बोलून ते निघून गेले.

ताईंनी तिथल्या तिथे करवत घेऊन मला कापलं. फार दुखलं. आतला भाग बोट रुतेल इतका मऊ होता. उत्तरेश्वर रडले.

सोमवारी सान्यांचा फोन आला. "नवी फळी करा. मी पुन्हा उभा राहणार आहे. प्रेसवर मात्र तोच माणूस हवा."

नवी फळी सान्यांच्या वजनाला टिकली आणि शेड वाचली. पण मित्रांनो, आम्हा वस्तूंना आपलं दुखणं सांगता येत नाही. ज्याला ते ठाऊक असतं, त्याने वेळेवर बोलावं. उत्तरेश्वर गुरुवारीच बोलले असते, तर वीज आल्यावर मला पुन्हा तापवता आलं असतं. आज मीही कुणाचं तरी टेबल असते.