बन्सी बटलरचा इष्टू

टण्णकन डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि माझा लेक नोहा झोपेतच दचकला. मी त्याला थोपटून आत गेले. सासूबाई चर्चची साडी नेसून भाकऱ्या बांधत होत्या.

"आई, आपण हॉटेलात जेवायला चाललोय."

"म्हनूनच. तिथलं न्हाई आवडलं तर?"

हॉटेल म्हणजे मुळा धरणाच्या काठचा जुना मिशन बंगला. पाटीवर 'सी व्ह्यू' लिहिलंय. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाणी आहे; मालकाला तेवढं पुरलं. सासूबाईंचे वडील बन्सीदादा इथं मिशनच्या गोऱ्या साहेबाचे स्वयंपाकी होते. माझ्या नवऱ्यानं, गिदोननं, मोबाईलवर मेनू पाहिला तर त्यात 'बन्सी बटलरचा मटण इष्टू'. हा साहेबी स्ट्यू सासूबाईंनी कधी चाखलेला नव्हता. बंगल्यातलं अन्न बाहेर न्यायचं नाही, असा साहेबाचा नियम, आणि दादा नियमाला पक्के. संध्याकाळी ते घरी आले की पोरं त्यांच्या सदऱ्याला नाक लावून उभी राहायची. मग सगळे पिठलं-भाकरी खायचे.

"येकदा खाऊन बघायचाय," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. हट्ट असा त्यांचा हा पहिलाच.

गाडीतून उतरून त्या थेट बंगल्याच्या मागं चालू लागल्या.

"आई, दार इकडं आहे," गिदोन म्हणाला.

"ते साहेबाचं."

"साहेब कधीच गेले. बुकिंग आपलं आहे."

त्या मागं वळल्या, पण चपला पायरीखालीच काढून आल्या.

इष्टू आला. सासूबाईंनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. त्यात पास्टर झाले, पाऊस झाला, गिदोनची शुगर फॅक्टरीतली नोकरी झाली, हॉटेलच्या मालकाचं कुटुंब झालं. आमेन म्हणेपर्यंत रश्शावर साय धरली होती. त्यांनी वाडगा उचलून नाकाशी नेला.

"ह्योच," त्या म्हणाल्या. "दादांचा सदरा."

"मॅडम, काही पडलंय का त्यात?" वेटरनं विचारलं.

"न्हाई बाबा."

त्यांनी एक घास घेतला. बराच वेळ चावला.

"दादांसारखाच आहे का?" मी विचारलं.

"मला काय ठावं? मी कुठं खाल्लाय?" मग डबा उघडून त्यांनी इष्टूत भाकरी कुस्करली. वेटरनं 'बाहेरचे पदार्थ आणू नयेत' या पाटीकडं पाहिलं, सासूबाईंकडं पाहिलं आणि तो पाणी आणायला गेला.

अर्धा वाडगा झाल्यावर त्या थांबल्या आणि माझ्याकडं वळल्या.

"रेबेका, त्याला इचार. ह्यातलं घरी नेलं तर चालतंय का?"

"पार्सल ना? चालतं की," पाणी घेऊन आलेला वेटरच म्हणाला.

गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्यांनी ते पार्सल पदराखाली धरलं होतं. वॉचमननं सलाम ठोकला तेव्हा पदर आणखी ओढून घेतला. रस्त्याला लागल्यावर ते मांडीवर काढून ठेवलं आणि त्यावर हात ठेवून बसून राहिल्या.

चोरी करू नये, हे नोहाला संडे स्कूलमध्ये मीच शिकवलंय. तो बराच वेळ आजीच्या हाताकडं बघत होता.

"मम्मी," त्यानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "पणजोबांनी आजीसाठी एकदापण लपवून का नाही आणलं?"