खळ लावलेली काठी

मी काठी बोलतेय. गुरं हाकायची नव्हे, म्हाताऱ्याच्या हातातली तर मुळीच नव्हे. मासे धरायची काठी! बांबूच्या सहा चिरफळ्या तासून, एकीला एक चिकटवून मला घडवलंय. वाकवलीत तर टोकापासून मुठीपर्यंत वाकेन आणि सोडलीत की पुन्हा सरळ. सध्या नागपुरात, पाचपावलीच्या एका कोष्ट्याच्या घरी, मागाच्या वर खुंटीला टांगलेली आहे. खाली दिवसभर खटखट चालते, माझं ऐकायला कोणाला वेळ नसतो. म्हणून तुम्हाला सांगते.

जन्म माझा विलायतेतला, पण त्यातलं काही आठवत नाही. आठवते ती कामठीची छावणी. तिथल्या एका मेजरसाहेबाच्या भिंतीवर आम्ही पाच जणी होतो. शनिवारी संध्याकाळी तो कमरेवर हात ठेवून आमच्यापुढे उभा राहायचा आणि उद्या कोणाला न्यायचं ते ठरवायचा. थंडीत, नदीच्या ओढीला, जाड्या बहिणी जायच्या. पण चैत्र-वैशाखात तलाव तापले, मरळ मासळी कमळाच्या पानांखाली सुस्त पडून राहिली, की तिच्या तोंडापुढे अलगद काहीतरी टाकायला हलकी काठी लागते. ती मी. दोन महिने मिरवायचे आणि दहा महिने वाट बघायची, असं माझं आयुष्य.

माझ्यासोबत एक पत्र्याची पेटी असायची. तिच्यात पितळेचा चमचा, कोंबड्याच्या पिसांची माशी, लाकडाचा बेडूक, सगळं खोटं आमिष. पाणी गढूळ असेल तर चमकणारा चमचा, उघड्या नितळ पाण्यात माशी, पानांच्या गर्दीत बेडूक. साहेब एकेक उचलून उजेडात धरायचा. अहो, बायको निवडताना तरी एवढा वेळ घेतला होता की नाही कोण जाणे!

सत्तेचाळीस साली साहेबाचं सामान बांधलं गेलं. दोन काठ्या त्यानं कापडात गुंडाळून नेल्या. मी भिंतीवरच राहिले. माझ्याकडे एकदा बघितलं, हात लावला, आणि नको म्हणून गेला. माणसं सहज नको म्हणतात, पण ज्याला म्हणतात त्याचा जीव किती तुटतो हे मी सांगते तुम्हाला.

उरलेलं सामान बंगल्यावर विकायला काढलं तेव्हा दोन दोस्त आले. एक रामाजी, पाचपावलीचे विणकर. दुसरे त्यांच्याच गल्लीतले बाबाराव, सूत रंगवणारे. बाबारावांना साहेबाचा आंघोळीचा टब हवा होता, रंग कालवायला. टब आधीच कोणीतरी नेला होता. मग रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून दोघांनी मिळून मला आणि पेटीला घरी आणलं.

दारातच रामाजींच्या बायकोनं, रंभाबाईंनी, विचारलं, "काठी आनली? मागाच्या काठ्या घरात कमी होत्या काय?"

"हे मासे धराची हाय वं."

"मंग ठेवा गंगाळात, धरन मासे."

पण रंभाबाईंची जीभच तेवढी तिखट. मला ठेवायला पहिली खुंटी त्यांनीच ठोकली.

पुढची चार वर्षं म्हणजे माझं सुख. वैशाख लागला की कुहीपर्यंत मोटार, पुढं बैलबंडी, आणि एका जुन्या तलावाची पाळ. आदल्या संध्याकाळी दोघं ओट्यावर पेटी उघडून बसत. बाबाराव रंगारी, त्यांना रंगाखेरीज काही दिसायचं नाही. साहेबाचा बेडूक त्यांनी खरवडून पुन्हा रंगवला.

"मरळ खालून पायते गा," ते म्हणत. "पाठीचा रंग तिले काय दिसते? पोट पिवळं पायजे."

"तू लुगडं रंगवून राहिला का बेंडूक?"

"दोन्ही धरते बरोबर!"

आणि खरंच धरायचा. पहिल्याच वर्षी दोन मरळी निघाल्या. घरी येताना गल्लीत अशा ऐटीत चालले होते दोघं, की विचारू नका.

मग माझ्या अंगावरचा दोरा कुजला. माझ्या अंगावर लहान लहान कड्या आहेत, त्यांतून दोर जातो, आणि त्या कड्या दोऱ्यानं आवळून बांधलेल्या असतात. रामाजींनी जुना दोरा काढला आणि लुगड्याच्या काठासाठी आणलेलं लाल रेशीम घेतलं. काय बांधलं म्हणता! वेढ्याला वेढा लागून, मध्ये केस जाणार नाही. विणकराचा हात तो. जुन्या ताण्याला नवा ताणा जोडताना हजारभर धागे एकेक करून सांधणारा माणूस, त्याची गाठ कधी सुटली नव्हती.

आणि मग त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं. कुंचा घेतला आणि तांदळाच्या पेजेची खळ माझ्या रेशमावर चढवली. ताण्याला चढवतात तशी, दोन हात. वाळल्यावर रेशीम कडक झालं, चमकलं. पाणी लागू न देणारं रोगण म्हणून काही असतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मला कोण विचारतो?

बावन्नचा वैशाख. सकाळपासून दोघं आळीपाळीनं बेडूक टाकत होते. दर वेळी ओला दोर कड्यांतून सरकायचा, पाणी माझ्या अंगावरून ओघळायचं. खळ आधी ओली झाली, मग चिकट, मग नुसती पेज. रेशीम सैल पडत चाललंय हे मला कळत होतं. ओरडावंसं वाटत होतं.

नेमकी तेव्हाच मरळ आली. पानं फाटली, बेडूक गडप. काठी बाबारावांच्या हातात होती. अशी मरळ त्या तलावात कोणी बघितली नसेल, मांडीएवढी! मी मुठीपर्यंत वाकले. आणि एकेक कडी सुटून घसरली, दोर बांबूवर घासला आणि तुटला. मासाही गेला, पिवळ्या पोटाचा बेडूकही गेला. पलीकडे डोंग्यात, लाकडी होडक्यात बसलेला माणूस खदखदून हसला.

त्या हसण्यानं घात केला. बाबाराव लाल झाले.

"तुही गाठच कच्ची होती, रामा."

विणकराला म्हणायचं हे? त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

"माही गाठ? तुह्या हाताले धीर नाई अन् माही गाठ?"

बंडीत दोघं पाठीला पाठ लावून बसले. गल्लीत उतरल्यावर बाबारावांनी पेटी उचलली आणि सरळ आपल्या घरी नेली. मी रामाजींच्या खांद्यावर राहिले.

सात वैशाख गेले हो. सात! दोन घरांमध्ये अंतर किती, तर पंचवीस-तीस पावलं. लग्नकार्यात दोघं वेगवेगळ्या पंगतीला बसत. रामाजी कधी संध्याकाळी मला खाली काढत, सुटलेल्या रेशमावरून बोट फिरवत आणि स्वतःच्याच हाताकडे बघत बसत. त्यांना वाटायला लागलं होतं, की खरंच आपली गाठ कच्ची निघाली. रंभाबाईंनी विचारलं तर म्हणायचे, "बाबाराव बदलला." एवढंच. आणि मी वर टांगलेली, मला सगळं माहीत, आणि तोंड नाही. मला पाण्याची आठवण यायची, पण खरं सांगू? त्या ओट्यावरच्या भांडणाची जास्त यायची, चमचा घ्यायचा की बेडूक.

यंदा माघात रंभाबाई नळावरून तणतणत आल्या. बाबारावांची बायको सत्यवती तिथं भेटली होती. तिच्या मुलाला भिलाईच्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि म्हातारा-म्हातारीला तो घेऊन चालला होता.

"सोमवारच्या गाडीनं चालले थे. आता तरी सांगता काय, भांडन कायचं होतं?"

रामाजींनी माग थांबवला. मान खाली घालून सगळं सांगितलं, रेशीम, वेढे, खळ, मरळ.

रंभाबाईंनी कपाळावर हात मारला. "अवो, नव्या लुगड्याची खळ पयल्या धुन्यात निघते का नाई? जन्मभर लुगडे इनले अन् हे नाई समजलं? गाठ कच्ची नोती. काठी धुतल्या गेली तुमची!"

रामाजी मागावरून उठले. मग मला खाली काढलं आणि तसेच अनवाणी निघाले. ती पंचवीस पावलं मी कशी काढली, माझं मला ठाऊक.

बाबाराव अंगणात बोचकी बांधत होते. थकले होते फार. रामाजींनी मला पुढं धरलं. "खळ होती बाबा. खळ विरघळली."

"मालूम हाय मले," बाबाराव हळूच म्हणाले. "त्याच दिवशी बंडीत बोटं चिकट लागले. रंगारी हाय मी, खळ समजत नाई काय मले?"

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तोंडातून शब्द गेला होता ना गा. वापस कसा घेऊ? आज जाऊ, उद्या जाऊ, असं करता करता…" 

ते आत गेले आणि पेटी घेऊन आले. पेटीत सात नवे लाकडी बेडूक होते. दर चैत्रात एक करून रंगवला होता. सगळ्यांचं पोट पिवळं, पण प्रत्येकाचा पिवळा निराळा. रामाजींनी एकेक उचलून उजेडात धरला आणि दोघं रडत रडत भांडायला लागले, कोणता घ्यायचा म्हणून. किती बरं वाटलं मला ते ऐकून!

दुसऱ्या दिवशी, रविवारी, बाबारावांच्या अंगणात माझ्या कड्या पुन्हा बांधल्या. रेशीम तेच, हात तेच. सुताराकडून रोगण आणून बाबारावांनी ते स्वतः लावलं. पण रोगण वाळायला चार दिवस लागतात आणि गाडी दुसऱ्याच दिवशीची. तलाव गाठणं काही होणार नव्हतं.

निघताना रामाजी म्हणाले, "काठी तू घेऊन जाय."

"नाई. काठी तुह्यापाशी, बेंडूक माह्यापाशी. नाईतर तू एकटाच जाशीन मरळ धराले."

गाडी गेली. आता चैत्र संपत आलाय. मध्यंतरी भिलाईहून एक कार्ड आलं. मुलाला रजा नाही, बाबारावांचे गुडघे दुखतात, वैशाखात बघू, असं काहीसं. रामाजी ते कार्ड मागाच्या चौकटीत खोचून ठेवतात. रोज सकाळी माझ्या कड्यांवर नख मारून बघतात आणि मोटारीच्या आवाजाला कान देतात. मीही देते.

तुमच्यापैकी कोणी भिलाईकडे जाणार असेल तर तेवढं माझं काम करा. तिथं कारखान्याच्या नव्या घरांमध्ये नागपूरचे बाबाराव रंगारी विचारा. नमस्कार-चमत्कार राहू द्या. त्यांना एवढंच सांगा, रोगण वाळलं म्हणावं. कधीचंच वाळलं.