दूरचं चित्र आधीचं

१९७९ साली, ऐन पौषात, भंडाऱ्याला विज्ञान प्रदर्शन भरलं होतं. त्या दिवसानंतर निर्मलाबाई आपल्या मुख्याध्यापकांशी एक शब्द बोलल्या नाहीत.

साकोलीकडच्या एका खेड्यात त्या विज्ञान शिकवत. दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे थवे, मोठ्या कशा झाल्या, याची चार चित्रं त्यांनी काळ्या कापडावर काढली होती. दूरच्या दीर्घिकेचा उजेड आपल्यापर्यंत यायला अब्जावधी वर्षं लागतात, म्हणून दूरचं चित्र ते आधीचं. तिथे लहान तुकडे, मग दोन चित्रांत एकमेकांत मिसळणारे, आणि जवळ एकच मोठी. परीक्षकांना पटलं तर बाई पुढच्या फेरीला नागपूरला जाणार होत्या. त्या शाळेतून आजवर कोणी गेलं नव्हतं.

त्या पाणी पिऊन आल्या तर चित्रांखालच्या चिठ्ठ्या बदललेल्या. ‘सर्वांत आधी’ ही चिठ्ठी जवळच्या मोठ्या दीर्घिकेखाली, ‘आता’ दूरच्या तुकड्यांखाली.

“हे कोणी केलं?”

“मी,” लक्ष्मणराव मुख्याध्यापक म्हणाले. “मोठं गाव आधी, दूरच्या वाड्या-टोले मागून वसले. एवढं तं आपल्या गावातल्या धनीरामच्या म्हशीलेई समजते, बाई.”

“गाव नाही हे, सर. दूरच्या टोल्यावरून कार्ड आलं तं त्यातली बातमी चार दिवस जुनी असते ना?”

तेवढ्यात परीक्षक आले. चिठ्ठ्या वाचून हसले. “हे उलटं झालं.”

“बाईनं लावलं जी,” लक्ष्मणराव म्हणाले. “मी सांगूनच राहिलो होतो.”

 बाईंनी टाचण्या उपसल्या आणि चिठ्ठ्या जागेवर लावल्या. बोटातून रक्त आलं. “काहून खोटं बोलता, सर? मले अडाणी ठरवून तुमचं काय वाढलं?”

परीक्षकांनी विचारलं, “पण दूरवर, इतक्या आधीही मोठ्या दीर्घिका दिसल्या तर?”

“त्या लवकर जुळल्या असतील. कशा, ते मले ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणून चिठ्ठ्या बदलणार नाही.”

परीक्षकांनी मान डोलावली. पण मांडणीत ऐनवेळी फेरफार झाला म्हणून नाव बादच केलं. नियम होता.

परीक्षकांचं पुढे काही कळलं नाही. लक्ष्मणराव चौऱ्याऐंशीत निवृत्त झाले. सत्काराला मागे तेच कापड होतं, चिठ्ठ्या लक्ष्मणरावांच्याच उलट्या क्रमानं. बाईंची बदली नाकाडोंगरीला झाली. तिथे त्या दरवर्षी चारही चित्रं काढत, आणि दूरच्या टोकाला एक मोठी दीर्घिका प्रश्नचिन्हासह.

अठ्ठ्याऐंशीत लक्ष्मणराव वारल्याचं कार्ड आलं. बातमी चार दिवस जुनी होती. बाईंनी ते वाचलं, टेबलावर उलटं ठेवलं आणि वर्गावर गेल्या.