चुंतेलच्या पेटीवरचं नाव

सलातिगा शहरातल्या हवामानखात्याच्या लहानशा कचेरीत दोनशे चौदा पर्जन्यमापक केंद्रांचे पासवर्ड एका कुलूपबंद यादीत होते. तिथल्या तरुण वेनिंगने लिहिलेल्या प्रोग्रामात गावाचं नाव टाकलं की पासवर्ड निघे. पण नाव कचेरीतल्या सर्वांत जुन्या पाक चिप्तोंनी (‘पाक’ म्हणजे तिथलं ‘काका’) यादीत लिहिलं होतं तस्संच टाकावं लागे, आणि पाकांचं स्पेलिंग जुनं, सरकारने बदलण्याआधीचं. सगळे ‘सी’ लिहितात तिथे ते ‘टी-जे’ लिहीत, ‘यू’च्या जागी ‘ओ-ई’, आणि आणखी कुठे काय, ते फक्त त्यांनाच ठाऊक. मग जो तो पाकांनाच फोन करी.

त्या आठवड्यात पाकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, फोन बंद. नेमकं तेव्हाच चुंतेलच्या केंद्राने आकडे पाठवणं थांबवलं. वेनिंगने नाव चार तऱ्हांनी टाकून पाहिलं. ‘सापडलं नाही.’ मग तिने घाईघाईत प्रोग्रामला शिकवलं, की हुबेहूब नाही तर नाही, जवळचं नाव उचल. त्याने भलत्याच गावाचं नाव उचललं आणि त्याचा पासवर्ड आपणहून तीनदा लावला. चुंतेलचं यंत्र पार बंद झालं.

आता वर डोंगरात जाऊन यंत्र पुन्हा सुरू करायचं बटण दाबण्यावाचून इलाज नव्हता. ती मोटरसायकल काढून निघाली. कोपेंग गावाच्या पुढे धुकं रस्त्यावरच उतरलं होतं. कोबीची शेतं मधूनच दिसत, मधूनच नाहीशी होत. आपण चढतोय की एकाच जागी तरंगतोय, तेही तिला कळेना. ‘परत गेले की सगळी नावं नव्या स्पेलिंगात करून टाकते,’ ती मनाशी म्हणत होती.

केंद्र गावाच्या टोकाला होतं. बटण दाबून झाल्यावर तिने यंत्राच्या पेटीवरचं दव तळहाताने पुसलं. खालून गावाच्या नावाची फिकट निळी अक्षरं वर आली. टी-जे, ओ-ई, आणि शेवटी तिला न सुचलेले दोन ‘एल’. कुणीतरी फार पूर्वी ब्रशने, सावकाश काढलेली. ती बराच वेळ हात तसाच ठेवून उभी राहिली.

ते नाव तसंच टाकल्यावर पासवर्ड निघाला, आकडे पुन्हा येऊ लागले. दोन दिवस बसून तिने प्रोग्राममधला नावांचा शोध नव्याने लिहिला आणि लॅपटॉप घेऊन पाकांच्या घरी गेली. त्यांच्या एका डोळ्यावर पट्टी होती.

“पाक, मी तुमची सगळी नावं बदलणार होते.”

“मग? का नाही बदललीस? हात दुखले?”

“चुंतेलची पेटी बघितली.”

“बघितलीस होय!” पाक खूश झाले. “तरुणपणी पायी हिंडून एकेक नाव पेटीवरून उतरवलंय मी. आणि तुम्ही मला हट्टी म्हातारा म्हणता.”

“म्हणतो. तोंडावर नाही, एवढंच.”

“हसवू नकोस गं, डोळा ठणकतो.”

तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. “कसंही टाका. जुनं, नवं, चुकीचं.”

पाकांनी एका बोटाने ‘चेपोगो’ हे गावाचं नाव लिहिलं, दोन अक्षरं चुकवून. पडद्यावर तीन नावं हळूच उमटली.

“मधलं,” पाक म्हणाले.

“तुम्हीच निवडायचं. आता प्रोग्राम आपल्या मनाने काही उघडत नाही.”

“शहाणा झाला म्हणायचा.” त्यांनी दुसरं नाव टाकलं, मग तिसरं. “इथे पेटीत मधमाश्या होत्या… आणि इथली बाई मला उकडलेला मका द्यायची, पैसे घ्यायची नाही.”

पाकांच्या बायकोने आल्याचं गरम पाणी आणून ठेवलं. ते निवलं तरी पाक गावांमागून गावं शोधत होते, आणि वेनिंग उठायचं विसरून ऐकत होती.