उशीच्या अभ्र्यातली बट

बट तपकिरी होती, मुळाशी सरळ आणि पुढे तीनदा वळलेली. पारदर्शक पिशवीत घालून घोडी घ्यायला आलेल्या बाईंनी ती कार्यालयाच्या टेबलावर ठेवली, जपून, काचेची असल्यासारखी.

"पंधरा रात्री उशीच्या अभ्र्यात होती. एकदाही धाप लागली नाही हिला."

हिला, म्हणजे दारात उभ्या असलेल्या नऊएक वर्षांच्या मुलीला. मुलीच्या गळ्यात दम्याचा पंप दोरीने अडकवलेला होता.

"मी फोनवर सांगितलंच होतं," धाकटा म्हणाला. "आमच्या कुरळ्या घोड्यांनी कुणाला त्रास होत नाही."

टेबलामागे बसलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तरी तिने पैदाशीच्या वहीचे पान अगदी सावकाश उलटले. घोड्यांचे वावडे असलेल्या गिऱ्हाइकाला आधी त्या जनावराची बट पाठवायची, सोसली तरच घोडा द्यायचा, ही वडिलांनी घालून दिलेली पद्धत. पण विकायची ती तीन वर्षांची घोडी उन्हाळ्यात झडली होती – कुरळे घोडे झडतातच – आयाळीसकट गुळगुळीत झाली होती. म्हणून धाकट्याने कात्री त्या घोडीच्या आईच्या आयाळीला लावली. आईचे काय नि मुलीचे काय, रक्त एकच ना, ताई? तो म्हणाला होता. इथे प्रयोगशाळा उघडू नकोस... आणि वावडे केसांच्या वळणाचे नसतेच, ते लाळेतल्या, कोंड्यातल्या प्रथिनांचे असते, हे त्याला तिने किती वेळा सांगितले होते. म्हणजे खरी बटही फारसे काही सांगू शकली नसती – निरुपयोगी चाचणी, आणि तीही लबाडीने केलेली. हे सगळे ठाऊक असलेल्या, अकरा वर्षे प्रयोगशाळेत काढलेल्या, नमुन्यावर चुकीची चिठ्ठी लावली म्हणून एका सहायकाला रडेपर्यंत बोललेल्या या ताईनेच बट पाठवायच्या पाकिटावर या घोडीचा क्रमांक लिहिला होता. स्वतःच्या, वळणदार अक्षरात.

अंगणात धाकट्याने घोडी आणून उभी केली, प्रदर्शनात करतो तशी, चारही पाय चौकोनात.

"ही तर पार्लरमधून केस सरळ करून आलीये," बाई हसल्या.

"थंडी पडू द्या, मग तुमचा कंगवा मोडेल," धाकटा म्हणाला. सोयीचे विनोद त्याला नेमके वेळेवर सुचत.

मुलगी कुणाला न विचारता पुढे गेली आणि तिने घोडीच्या मानेत तोंड खुपसले. घोडीने कान हलवला, इतकेच.

बाई थोरलीकडे वळल्या. "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही सांगा. घेऊ ना?"

धाकट्याने तिच्याकडे पाहिले नाही. तो लगामाची कडी उगाच पुसत राहिला. सांगायचे होते ते एका वाक्यात मावत होते – ती बट या घोडीची नव्हती, आणि असती तरी भरवसा ठेवू नका. वाक्य जिभेवर तयार होते. तिची नजर मात्र मुलीच्या पाठीवर होती, फ्रॉकच्या बटणांवर, जिथे श्वास वरखाली होताना दिसतो. मिनिटाला वीस. सवयीने तिने मनगटावरचे घड्याळ पाहिले. पुन्हा मोजले. बावीस... नाही, वीसच. खांदे वर ओढले जात नाहीत, शीळ ऐकू येत नाही, काहीच नाही – आणि तिला चीड आली, स्वच्छ, नीट ओळखू येणारी चीड, त्या वीसच्या आकड्याची. कारण आता मूल खोकले असते तर धाकट्याचा चेहरा कसा उतरला असता – मी कशाची वाट पाहते आहे? मी हे मोजते आहे ते कशासाठी?

"ताई?" बाई म्हणाल्या.

तिने तोंड उघडले, आणि निघणारा शब्द त्या मुलीसाठी आहे की धाकट्याविरुद्ध, हे तिचे तिलाच सांगता येईना.