कापलेला समास

चूक माझीच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शहाणपण शिकवायला नको.

पुस्तकबांधणीचं दुकान माझ्या वडिलांचं. ते गेल्यापासून मीच चालवते. पुढे काउंटर, मागे शिलाईचं टेबल, कोपऱ्यात कागद कापायचं मशीन. त्या मंगळवारी सत्तरीच्या एक काकू आल्या, पिशवीतून चार पुस्तकं काढली आणि एकेक करून हळूच काउंटरवर ठेवली. पानं सुटलेली, पाठी फाटलेल्या.

"ह्यांची आहेत," काकू म्हणाल्या. नवरा चार महिन्यांपूर्वी गेला होता. जन्मभर औषधांच्या दुकानात कंपाउंडर. "ही चार ह्यांची लाडकी. रोज सकाळी दार लावून दोन तास हीच. चाळीस वर्षं."

मी एकेकाचं पहिलं पान उघडून बघितलं. एक मठातल्या ख्रिस्ती ननचं, एक सूफी फकिराचं, एक डोंगरात राहिलेल्या बौद्ध भिक्खूचं, आणि चौथं गुहेत एकटं राहिलेल्या कुणा साधूचं.

"चौघांनीही संसार केला नाही," काकू म्हणाल्या. "आणि त्यांच्या नादी लागला कोण, तर माझा नवरा."

मला हसू आलं, पण काकू हसत नव्हत्या.

"तुम्ही वाचलीत ही?" मी विचारलं.

"छे गं. मी दारावरून गेले तरी पावलं न वाजवता जायचे. ह्यांचं काहीतरी मोठं चाललेलं असायचं ना आत. आता वाचणार. मला एकच बघायचंय. हे देवाजवळ जायला आत बसायचे, की माझ्यापासून लांब जायला. ह्यांनी समासात पेन्सिलीने काहीबाही लिहून ठेवलंय, त्यावरून कळेल. तेवढं सांभाळ. आणि चारही एका मापाची कर, एका पेटीत ठेवायचीत."

आता बघा. 'सांभाळ' म्हणाल्या आणि 'एका मापाची कर' म्हणाल्या. दोन्हीला मी मान डोलावली. ही दोन कामं एकमेकांच्या मुळावर आहेत हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

गुहेतल्या साधूचं पुस्तक सगळ्यात अरुंद. त्याला समास असा नव्हताच, त्यामुळे त्यात एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. एका मापाची करायची म्हणजे बाकीच्या तिघांना त्याच्याएवढं करणं आलं. ननच्या पुस्तकाची पहिली वीसेक पानं मी उलटून बघितली होती, समास कोरे होते. पुढचं कोण बघतंय. शिवताना मी दोरा बघते, अक्षर नाही. छापील ओळींना धक्का लागत नाही एवढं पाहिलं आणि ओढला मशीनचा दांडा खाली. वीस वर्षांचा हात आहे म्हणून मस्ती, दुसरं काय. दोन-दोन बोटं रुंद पट्ट्या निघाल्या, त्या पोत्यात कोंबल्या.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठे चढवलेली पुस्तकं दाबाखालून काढली आणि ननचं पुस्तक मधूनच उघडलं. उजव्या पानाच्या अगदी काठाशी पेन्सिलीने लिहिलेलं: 'कळलं'.

म्हणजे पुढच्या समासांत लिहिलेलं होतंच. पण शब्द अख्खा होता. म्हटलं, सुटले बाई.

शेजारची ओळ वाचली. 'मी तुला शोधायला खोलीत शिरले, तर खोलीच सापडेना.' मी तीनदा वाचली. डोक्यावरून गेली. आणि हा कंपाउंडर म्हणतोय, कळलं. मला त्याचा हेवाच वाटला, खोटं कशाला बोलू.

मग फकिराचं उघडलं. डाव्या पानावर ओळ होती, 'तहान लागली की पाणी पी, विहिरीची जात विचारू नकोस.' इतकं साधं. आणि काठाशी त्याच पेन्सिलीने: 'नाही'. पाण्याला नाही म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

भिक्खूच्या पुस्तकात तेच. 'घंटा थांबली, तेव्हा मला ऐकू आलं.' कळलं. 'आजचं भांडं आज घासावं.' नाही. माझं डोकं गरगरायला लागलं. अवघड ते ह्याला कळतं आणि सोपं ते ह्याला पटत नाही, असा कसा हा माणूस? दोन-चार ठिकाणी काठावर अक्षराचा अर्धामुर्धा तुकडा होता. मी म्हटलं, पेन्सिल घसरली असेल. माणसाला स्वतःची चूक दिसायला नको असली की तो काय वाट्टेल ते म्हणतो.

चारच्या सुमाराला काकू आल्या. पुस्तकांवरून हात फिरवला, "छान केलीस गं," म्हणाल्या. स्टूल ओढून तिथेच बसल्या आणि चष्मा लावून ननचं पुस्तक उघडलं. 'कळलं' दिसलं. पुढे अजून एक. त्याच्या पुढे अजून एक. काकूंचा चेहरा उतरत गेला.

"सगळं कळायचं ह्यांना," त्या म्हणाल्या. "बघ. पानापानाला. मग बरोबरच आहे. बाहेर भाजी चिरत बसलेल्या बाईला काय सांगणार होते? मला झेपलं नसतं म्हणून सांगितलं नाही. ह्यांना तिथे सगळं मिळत होतं गं. माझी गरजच नव्हती."

मी काउंटरवरचे दोरे गोळा केले. पुस्तकं तर छान झाली होती.

काकूंनी पान उलटलं. "आणि हे काय? इथे नाही म्हणतात." पुन्हा मागे आल्या. "अगं, इकडे कळलं, तिकडे नाही. इकडे कळलं, तिकडे नाही. उजव्या पानाचं एक आणि डाव्या पानाचं एक, असं असतं का कुठे?"

त्या क्षणी माझी ट्यूब पेटली. उजव्या पानाचा समास उजवीकडे, तिथे सुरी लिहिलेल्याचा शेवट खाते. डाव्या पानाचा समास डावीकडे, तिथे ती सुरुवात खाते. नवशिक्याला पहिल्या आठवड्यात शिकवायची गोष्ट.

सांगू की नको, असं मनात आलं. दुकानाचं नाव जाईल, आणि काकूंनी तोंड फिरवलं तर मला जन्मभर सलेल. पण त्या स्टुलावर अशा बसल्या होत्या, जणू चाळीस वर्षांचा निकाल लागला आणि त्या नापास झाल्या.

"काकू," मी म्हटलं, "मी काकांचं लिहिलेलं कापलंय."

त्यांना आधी कळलंच नाही. मी पोतं ओढत आणलं आणि फरशीवर उपडं केलं. ननचा कागद पिवळट, फकिराचा पांढरा, भिक्खूचा खरखरीत, त्यामुळे वेगळं करणं सोपं गेलं. मी पट्ट्या निवडत होते, काकू खाली बसून पुस्तकाला लावून बघत होत्या. मला एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पहिली पट्टी जुळली ती त्या खोलीच्या ओळीची. पानावर 'कळलं', पट्टीवर 'नाही'.

दुसरी जुळली. कळलं नाही. तिसरी, चौथी. पट्टी उलटली की मागे डाव्या पानाचं 'कळलं', आणि पुस्तकात त्याच्यापुढे 'नाही' वाट बघत बसलेलं. पाण्याच्या ओळीपाशीही तेच. भांड्याच्या ओळीपाशीही तेच. फिकट झालेल्या जुन्या नोंदींचं अक्षर ठसठशीत, ताज्या नोंदींचं थरथरतं. एका पट्टीवर तारीख होती, मागच्याच वर्षीची. 'अजून कळलं नाही.'

मला वाटलं, काकूंना हलकं वाटेल. वाटलं, हसतील. एका माणसाने रोज दोन तास बसून चाळीस वर्षं हेच लिहावं, आणि तरी दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा बसावं, ह्याला देवाजवळ जाणं म्हणायचं की काय म्हणायचं, मला आजही सांगता येत नाही.

काकूंनी ती तारखेची पट्टी मांडीवर ठेवली. तारखेवरून बोट फिरवलं. मग त्या बोलल्या, पण माझ्याशी नाही. जन्मभर 'हे' आणि 'ह्यांना' म्हणणारी ती बाई एकदम अरेतुरेवर आली.

"अरे, मग दार कशाला लावून घ्यायचास?" त्या म्हणाल्या. "मलाही कुठे काही कळत होतं? नसतं कळलं, तर दोघांना मिळून नसतं कळलं."

आणि त्या रडायला लागल्या. मी उठून पट्ट्या चिकटवायला खळ शिजत ठेवली.